पिशवीचा तळ

नगरच्या माळीवाड्यात, वेशीपासून हाकेच्या अंतरावर तात्या मिस्त्रींची खोली होती. तिथं बाजाच्या पेट्या दुरुस्त व्हायच्या. आत पाऊल टाकलं की आधी सरसाचा वास यायचा, मग उघड्या पडलेल्या पेट्या दिसायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या खाली बसून राहिलेल्या. गिऱ्हाईक जिल्हाभरातून यायचं. नेवाशाकडची हरिपाठाची मंडळं, संगमनेरकडचे तमाशाचे फड, शाळांचे संगीतशिक्षक, आणि खेड्यापाड्यांतली चर्च. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. पुढं रेव्हरंड नारायण वामन टिळक इथं राहिले, त्यांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या वळणानं लिहिली. इथल्या ख्रिस्ती वस्त्यांतली भजनं अजून पेटीवरच चालतात. त्यामुळं तात्यांच्या फळीवर वारकऱ्याची पेटी आणि चर्चची पेटी एकमेकींना टेकून पडलेल्या असायच्या. तात्या म्हणायचे, पेटीला जात नसते, तिला फक्त वारा लागतो.

भिंतीवरच्या खिळ्याला एक खाकी लष्करी पिशवी असायची. भिंगारला कधीकाळी जुन्या सामानात मिळालेली. गावोगाव जाताना तात्या तेवढीच खांद्याला अडकवायचे.

त्यांच्या हाताखाली पाथर्डी तालुक्यातला एक पोरगा होता. वडील सुतार, ते लवकर गेले. आई दर साल ऊसतोडीला जायची. पोराचा हात लाकडात बसलेला आणि कान मुळातच चांगला. आठ महिन्यांत तो भात्याला चामडं लावायला शिकला, स्प्रिंगा बदलायला शिकला, फळीची चीर बुजवायला शिकला. तात्यांचं सगळं त्याला पटायचं, एक ती पिशवी सोडून.

कारण त्या पिशवीत पेटीच्या कारागिराचं म्हणावं असं काही नव्हतंच. दाढीचा जुना कुंचला. मलमलचं फडकं. शिसपेन्सिल. शिलाई मशीनचा छोटा पेचकस. घड्याळजीचा चिमटा. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून केलेला आकडा. चांभाराची आरी, चामड्याचे तुकडे, सरसाची डबी. दाढीचं एक पातं. आणि अगदी तळाला, तेलकट कापडात गुंडाळलेली एकच बारीक कानस आणि एक घासणी. त्याच्याही खाली लाकडी मुठीची एक लोखंडी चावी होती. ती पेटीच्या कुठल्याच कामाला लागताना पोरानं पाहिलेली नव्हती.

तात्यांनी ही हत्यारं जमवली कशी, ते सांगण्यासारखं आहे. एखाद्या कामात अडलं की ते ज्याच्याकडं ते हत्यार असेल त्याच्याकडं जायचे. भाता शिवताना अडले तेव्हा चांभाराशेजारी जाऊन बसले, त्याच्याच आरीनं, तो सांगेल तसं शिवलं. दुसऱ्यांदा अडले तेव्हा पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेल्यावर चांभारानं आरी हातात ठेवली आणि म्हणाला, आता ही तुमची. चिमटा तसाच आला, आकडा तसाच आला. तीनदा अडल्याशिवाय हत्यार घरात आणायचं नाही, हा त्यांचा नेम. पिशवीतलं प्रत्येक हत्यार त्यामुळं कुणाच्या तरी शेजारी बसून शिकलेलं होतं.

पोरगा हे ऐकायचा आणि मनात म्हणायचा, असं चाललं तर अर्धा जन्म जायचा. मोबाइलवर त्यानं परदेशातल्या पियानो दुरुस्त करणाऱ्यांच्या बॅगा पाहिल्या होत्या. आत मखमल, मखमलीत प्रत्येक हत्याराची खाच, खाचेत चकचकीत पोलाद. तसं काहीतरी आपल्याकडं असावं, लोकांनी बघितल्याबरोबर ओळखावं, हे त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं आईजवळ विषय काढला. भादव्यात मुकादमानं आईला उचल दिली होती. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच घेतलेली, ऊस तोडून फेडायची. त्यातले निम्मे पैसे आईनं न मोजता त्याच्या हातात ठेवले. एवढंच म्हणाली, "माझं सगळं एका कोयत्यावर चालतं बाबा. तुला लागत असंल जास्त, तर घे."

तो मुंबईला जाऊन लाल टूलबॉक्स घेऊन आला. सहा आकाराच्या कानशी, तीन घासण्या, पेचकसांचा संच, निरनिराळ्या पकडी, विजेवर फिरणारी घासायची पेन, सूर मोजायचं यंत्र.

खंडेनवमीला तात्यांनी नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडली. पिशवीतून एकेक काढून पाटावर ओळीनं ठेवलं, कुंचल्यापासून घासणीपर्यंत, ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं. पोरानं शेजारी लाल खोका उघडला. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हे उघडलं की तुझा हात आधी कशावर जातो?"

वरच्या कप्प्यात कानशी होत्या. पोरगा म्हणाला, "कानशीवर."

तात्यांनी दोन्हीकडं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. पुढं काही बोलले नाहीत.

दिवाळी झाली, आई टोळीबरोबर कारखान्यावर गेली. डिसेंबरात तिसगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून निरोप आला. चर्चमधल्या हातपेटीची एक पट्टी बोलत नाही, नाताळ तोंडावर आलाय. तात्यांचे गुडघे धरलेले. त्यांनी पोराला पाठवलं. पोरगा पिशवी न घेता लाल खोका घेऊन एसटीत बसला.

पेटी एकेरी सुरांची होती, 39 पट्ट्यांची. त्यानं वरची फळी काढली, सुरांची फळी उलटी केली आणि मुका सूर शोधला. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक छोटी चौकट. तिच्या फटीवर पितळेचीच पातळ जीभ एका टोकाला रिबीट मारून बसवलेली असते. भात्याचा वारा फटीतून लोटला गेला की जीभ फटीत वरखाली थरथरते आणि बोलते. या जिभेच्या कडेला बाजरीचं एक कूस अडकलं होतं. सुगीत चर्चच्या मागच्या खोलीत कुणीतरी कणसं ठेवली असणार. पोरानं फुंकर मारली. कूस उडालं. पट्टी दाबली, सूर बोलला. पेटी उघडून दोन मिनिटंही झाली नव्हती.

खरं म्हणजे काम तिथं संपलं होतं.

पण समोर पाळकसाहेब उभे, शेजारी चार माणसं उभी, आणि मधोमध तो लाल खोका उघडा. फुंकर मारून निघून जायचं, तर हे सगळं आणलं कशाला? इथं माझं मन त्या पोरापाशी थांबतं. त्यानं लबाडी केली नाही. पैसे उकळायचा विचारही त्याच्या मनात नव्हता. आईच्या उचलीतून आलेली हत्यारं बिनकामाची बघवेनात, म्हणून त्यानं त्यांच्यासाठी काम शोधलं. सूर मोजायचं यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, धैवत उतरलाय. पंचम लावला, तोही उतरलाय. एकेक करत एकोणचाळीसच्या एकोणचाळीस सूर उतरलेले निघाले.

"सगळी पेटी बेसूर झालीय," तो म्हणाला. "दोन दिवस लागतील."

पितळी जीभ टोकाकडं घासली की हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी घासली की ढिली पडते आणि सूर उतरतो. पोरानं दोन दिवस टोकं घासली. विजेची पेन वापरली, काम भराभर उरकलं. यंत्राचा काटा प्रत्येक सुराला बरोबर मध्यावर आला. मंडळींनी त्याचे आभार मानले, जेवू घातलं, एसटीपर्यंत पोचवलं.

चौथ्या दिवशी फोन आला. चर्चमध्ये एक पायपेटीही होती, मिशनच्या काळातली, अमेरिकेहून आलेली. नाताळच्या गाण्यांना दोन्ही पेट्या बरोबर वाजायच्या, कितीतरी वर्षं वाजत आल्या होत्या. तालमीला दोन्ही सुरू केल्या आणि पोरांनी कानांवर हात ठेवले.

तात्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि पिशवी खाली काढली. पोरगा खोका उचलायला गेला, तर म्हणाले, "तो राहू दे. चल."

करंजी घाट चढेपर्यंत दोघंही गप्प होते. चर्चमध्ये गेल्यावर तात्यांनी चपला काढल्या, पायपेटीपाशी बसले, पाय हलवले, एक सूर धरला. पोराला हातपेटीवर तोच सूर धरायला सांगितलं. दोन सूर एकत्र आले आणि हवेत भरभर हेलकावे उठले, वाव-वाव-वाव-वाव-वाव.

"मोज."

"सेकंदाला पाच."

"मग आता सांग, बेसूर कोण आहे?"

पोरगा काय सांगणार? फ्रान्सनं 1859 साली धैवताचं माप सेकंदाला 435 कंपनं ठरवलं, पुढं अमेरिकेतल्या कारखानदारांनीही ते घेतलं. आजचं 440 चं माप लंडनच्या परिषदेत ठरलं ते 1939 साली. ती पायपेटी जुन्या मापाची होती. पोराच्या यंत्राला नवं माप तेवढं माहीत. कितीतरी वर्षांपूर्वी तात्यांनीच हातपेटी त्या पायपेटीला जुळवून लावली होती. गावाचे गळेही त्याच सुरात वाढले होते.

"एक सूर चुकला तर तो सूर चुकला," तात्या म्हणाले. "पण सगळे सारखेच चुकलेत असं दिसलं, तर आपलं माप तपासायचं. त्या जागी थांबायला पाहिजे होतंस लेका."

मग त्यांनी पिशवी उघडली. वरचा कुंचला काढून सुरांची फळी झाडली. पितळेचा भुगा चिरांत बसला होता, तो फडक्यानं टिपला. दोन पट्ट्या घासत होत्या, त्यांच्या कडेला शिसपेन्सिल फिरवली, त्या मोकळ्या झाल्या. पेचकसानं सैल सुरांचे स्क्रू आवळले. चिमटा, आकडा, चामडं, असं एकेक हत्यार हातात येत गेलं. पेटीला त्याची गरज नसली तर ते पुन्हा बाजूला जात होतं. आता पोराला दिसलं. कानस आणि घासणी तळाला का, ते दिसलं. तिथपर्यंत हात पोचायचा तर वरची दहा हत्यारं आधी बाजूला काढावी लागतात, आणि दर हत्याराबरोबर एक प्रश्न सुटत जातो. धूळ आहे का? पट्टी अडते का? स्क्रू सैल आहे का? वारा गळतो का? एवढं सगळं विचारून झाल्यावर उरलंच काही, तर पितळ. कारण बाकीचं सगळं परत करता येतं. लाकूड जोडता येतं, चामडं बदलता येतं. घासून गेलेलं पितळ परत येत नाही.

"आता मुळाशी घासून उतरवायचे का?" पोरानं विचारलं.

"टोकंही पातळ केलीस, आता मुळंही पातळ करायची? मग राहिलं काय त्या जिभेत?" तात्या उठले. "फाट्यावर मोबाइल दुरुस्तीवाला आहे ना? चल."

जिभेच्या टोकावर वजन वाढलं की सूर उतरतो. मोबाइलवाल्याकडून डाख लावायची विजेची सळई दोन दिवसांसाठी मागून आणली. तात्यांनी पहिला सूर सोडवला, जिभेखाली दाढीचं पातं सरकवलं, म्हणजे जीभ दबत नाही. टोक काचकागदानं जेमतेम पुसलं आणि बाजरीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा डाखाचा थेंब त्यावर बसवला. सूर पुन्हा जागेवर लावला. पाळकांची नात पायपेटीवर बसली होती, तिनं पाय हलवत तोच सूर धरला. आता हातपेटीचा सूर जरा जास्तच उतरला होता. तात्यांनी पात्यानं डाखाचाच एक कण खरवडला. हेलकावे सेकंदाला दोन झाले, मग एक, मग एवढे लांब की श्वास घेऊन सोडावा. आणि मग हेलकावा राहिलाच नाही, दोन पेट्यांचा एकच आवाज झाला.

"घेतलंयस तेवढं परत दे," ते म्हणाले आणि सळई पोराच्या हातात दिली. "पुढचं तू कर. कमीजास्त करायचं ते डाखाचं. पितळाला हात नाही लावायचा."

संध्याकाळपर्यंत पोरानं अकरा सूर लावले. ती मुलगी पायपेटीवरून उठली नाही. वरच्या सप्तकातल्या जिभा फार बारीक, त्यांना डाखाचा थेंब पेलवत नाही. तिथं मात्र मुळाशीच घासावं लागलं, आणि त्यातली एक जीभ रिबिटीपाशी तुटली. पोरगा ती तळहातावर घेऊन बसून राहिला. तात्यांनी पिशवीच्या कप्प्यातून कागदात बांधलेला जुना सूर काढून दिला. गुजरातेतल्या पालिताण्याचा, जिथले सूर देशभरातल्या पेट्यांत जातात.

रात्री पाळकांच्या पडवीत निजले. थंडी चांगलीच होती. पोरानं विचारलं, "तात्या, ती तळाची चावी कशाची?"

"पियानोची."

तात्या पोरवयात मुंबईला एका गोवेकर मास्तरांकडं होते. मास्तर पियानो लावायचे. पियानोला 88 पट्ट्या, पण तारा सव्वादोनशेच्या वर, कारण बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टनांचा. तार ज्या खुंटीला गुंडाळलेली ती खुंटी चावीनं फिरवायची, तीही केसभर. तात्यांना पहिल्या दिवसापासून ती चावी हवी होती. मास्तरांनी त्यांच्या हातात दिली नमद्याची पट्टी आणि रबराची पाचर. तीन तारांमध्ये पाचर घातली की दोन तारा गप्प होतात, मग तिसरी एकटी ऐकू येते.

"वर्षभर मी तारा गप्प करायचं काम केलं," तात्या अंधारात म्हणाले. "मास्तर लावायचे, मी गप्प करायचो. मला वाटायचं, हा माणूस मला शिकवत नाही. वर्षानंतर एक दिवस त्यांनी चावी माझ्या हातात दिली, आणि मला कळलं की कुठली तार किती हलवायची ते मला आधीच ऐकू येतंय."

"मग नगरला कशाला आणली? इथं कुठं पियानो?"

"मास्तरांनी दिलेली आहे. ती तळाला असली की वरच्यांना वजन राहतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी काम आटोपलं. सळई पुसून मोबाइलवाल्याला परत केली. नाताळला दोन्ही पेट्या बरोबर वाजल्या. तात्यांनी मजुरी घेतली नाही आणि पोरालाही घेऊ दिली नाही.

नगरला आल्यावर पोरगा लाल खोका विकायला निघाला होता. तात्यांनी अडवलं. "आईच्या घामाचा आहे तो, विकायचा नाही. ठेव कोपऱ्यात. काम मागेल तेव्हा एकेक काढ." एक रिकामी पिशवी दिली, ऊन खाऊन फिकी झालेली. पोरानं त्या दिवशी खोक्यातलं काही घेतलं नाही. बाजारातून एक कुंचला आणला आणि पिशवीत टाकला.

आई कारखान्यावरच्या कोपीतून रात्री फोन करायची. पैसे तिचे लागले होते, म्हणून विचारायची, "आज कोणतं काढलं रं?" पोरगा सांगायचा. पौषात पेचकस निघाला. माघात बारकी पक्कड. शिमग्याला आई घरी आली तोवर तीनच हत्यारं पिशवीत आली होती. तिनं एका शब्दानं हिशेब विचारला नाही.

तात्यांचे गुडघे पुढं अगदीच गेले. गावं आता पोरगाच करायचा. पावसाळ्यात अकोल्याच्या घाटमाथ्याकडं पट्ट्या फुगून बसतात, तिकडं रंध्याचा एक हलका हात लागतो, तो शिकला. उन्हाळ्यात कर्जत-जामखेडकडं लाकूड सुकून फळीला चिरा जातात, तिथं चामड्याची पट्टी आणि सरस लागतो, तेही शिकला. कुठं दोनदा अडला, कुठं तीनदा. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला खोक्यातली निम्मी हत्यारं पिशवीत आली होती. कानशी आणि घासण्या कागदात होत्या तशाच होत्या.

मग चैत्रात नेवाशाजवळच्या एका भजनी मंडळाची पेटी आली. नवी, कुणी दान दिलेली. गंधार किंचित उतरलेला. त्यानं झाडलं, पुसलं, पट्टी बघितली, स्क्रू बघितला, भाता दाबून वारा बघितला. दुसऱ्या तीन पेट्यांबरोबर मिळवून पाहिलं. बुवांना गायला बसवलं, त्यांचा गंधार ऐकला. दोन दिवस पेटी तशीच ठेवली, पुन्हा ऐकलं. मग खोक्यातून सगळ्यात बारीक घासणी काढली, जिभेखाली पातं सरकवलं, टोकावर तीन हात फिरवले आणि थांबला.

संध्याकाळी गावी गेला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. सवयीनं तिनं विचारलं, "आज कोणतं काढलं?"

"घासणी."

तिचा हात थांबला. हे नाव तिनं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. पोरानं खिशातून कागदाची पुडी काढून तिच्यापुढं उघडली. आत काय आहे ते तिला दिसेना. हात पदराला पुसून तिनं पुडी घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग त्यानंच तिचं मनगट धरून कागद जाळाकडं तिरपा केला, तेव्हा कुठं घडीच्या रेघेत पितळेचे दोन-चार कण चमकले.